थिबा राजाची रत्नागिरी

नोकरीधंद्याची चिंता नसती तर कुठे जाऊन राहिला असता, असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या माणसाला विचारला की त्याचे उत्तर बहुधा कोकणात जाऊन थांबते. समुद्र दिसेल अशी टेकडी, तिच्यावर ऐसपैस घर, घरावर उतरती कौले, आवारात हापूसची चार कलमे, खाली खाडी आणि खाडीत डुलणारे मचवे. संध्याकाळी व्हरांड्यात आरामखुर्ची टाकून सूर्य बुडताना पाहावा, यापलीकडे दिवसाकडून अपेक्षा नाही. लोकल नाही, कचेरी नाही, वरिष्ठ नाही. निवृत्तीनंतर तरी हे जमावे म्हणून माणसे वर्षानुवर्षे पैसे साठवतात. बहुतेकांच्या बाबतीत ते चित्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून खाली उतरत नाही.

रत्नागिरीत मात्र असे घर खरोखर बांधले गेले आणि त्यात असा माणूस खरोखर राहिला. घर सरकारी खर्चाने उभे राहिले. राहणाऱ्याला आयुष्यभर तनखा होता, दिमतीला नोकरचाकर होते आणि एका दिवसाचेही काम नव्हते. भाट्ये खाडीवरच्या त्या टेकडीवरून सूर्यास्त जसा दिसतो तसा कोकणात फार थोड्या ठिकाणांहून दिसत असेल. त्या माणसाने या गावात तीस वर्षे काढली आणि त्यांतला बराच काळ त्याने येथून बाहेर पडण्यासाठी अर्ज करण्यात घालवला. तो ब्रह्मदेशाचा, म्हणजे आजच्या म्यानमारचा, शेवटचा राजा थिबा.

थिबाचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी मंडालेत झाला. त्याचे वडील राजे मिंडॉन यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८५७ मध्ये, इरावती नदीच्या काठी ही नवी राजधानी वसवायला घेतली होती. मिंडॉन धार्मिक वृत्तीचे, विद्वानांना मान देणारे राजे म्हणून ओळखले जातात. १८७१ मध्ये मंडालेत भरलेली बौद्ध धर्मसंगीती त्यांच्याच आश्रयाने झाली. त्यांना अनेक राण्या आणि शंभरावर मुले होती. थिबाची आई या राण्यांमध्ये फारशी वरच्या मानाची नव्हती. त्यामुळे हा मुलगा गादीवर येईल असे कुणाच्या मनात नव्हते आणि बहुधा त्याच्याही नव्हते. तो विहारात शिकला, पाली धर्मग्रंथांचा अभ्यास केला आणि १८७७ मध्ये त्या विषयाची अवघड परीक्षा उत्तीर्ण झाला. राजाला आपल्या या विद्वान मुलाचे मोठे कौतुक होते. गोष्ट येथेच थांबली असती तर मंडालेच्या एखाद्या विहारात पोथ्यांच्या सहवासात हा राजपुत्र सुखाने म्हातारा झाला असता.

पण पुढच्याच वर्षी मिंडॉन आजारी पडले. त्यांनी वारस नेमला नव्हता. १८६६ मध्ये त्यांच्याच दोन मुलांनी बंड करून युवराजाचा, म्हणजे राजाच्या भावाचा, खून पाडला होता. तेव्हापासून वारस नेमणे म्हणजे त्याच्या मरणपत्रावर सही करणे, असे त्यांना वाटू लागले असावे. राजा मरणशय्येवर असताना अंतःपुरातील एक महत्त्वाकांक्षी राणी आणि काही मंत्री यांनी हिशेब मांडला. त्यांना गादीवर मवाळ, पुस्तकी आणि आपल्या मुठीत राहील असा तरुण हवा होता. थिबा या वर्णनात चपखल बसत होता. शिवाय त्या राणीच्या मुलीचा, सुपायालतचा, त्याच्यावर जीव होता. ऑक्टोबर १८७८ मध्ये मिंडॉन वारले आणि एकोणीस वर्षांचा थिबा राजा झाला. सुपायालत त्याची पट्टराणी झाली. मंत्र्यांचा हिशेब एका बाबतीत चुकला. राजा मवाळ होता हे खरे, पण राणी तशी नव्हती.

फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात जे घडले ते थिबाच्या चरित्रातून कुणालाही पुसता येणार नाही. गादीवर हक्क सांगू शकतील अशा राजपुत्रांना आणि त्यांच्या नातलगांना आधीच कैद केले होते. त्यांतील सुमारे ऐंशी जणांना ठार मारण्यात आले. त्यांत स्त्रिया होत्या, मुलेही होती. हुकूम नेमका कुणाचा, राजाचा, राणीचा की सासूचा, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. मात्र गादीवर थिबा होता. रत्नागिरीतल्या त्याच्या दिवसांविषयी कणव वाटते तेव्हाही ते ऐंशी जण विसरून चालत नाही. ब्रिटिशांनी तर ते मुळीच विसरू दिले नाहीत. या हत्याकांडाच्या वर्णनांनी त्या काळची इंग्रजी वृत्तपत्रे भरून गेली आणि पुढे देश गिळताना ही कात्रणे फार उपयोगी पडली.

थिबाने सात वर्षे राज्य केले, पण आपले राज्य पाहिले नाही. गादी सोडून बाहेर पडलो तर मागे दुसरा कुणी तिच्यावर बसेल, ही भीती त्या राजवाड्यात नेहमीची होती. चारी बाजूंनी खंदक आणि तटबंदी असलेल्या त्या चौकोनी किल्ल्यात, सागवानी खांबांच्या आणि सोनेरी मुलाम्याच्या महालांत तो राहिला. रत्नागिरीत त्याला कोंडले गेले असे आपण म्हणतो. पण मंडालेतही तो मोकळा होता असे म्हणता येणार नाही. फरक इतकाच की तेथे त्याला काम होते.

त्याचे राज्य बुडायला निमित्त झाले ते मुंबईच्या एका कंपनीचे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली कंपनी ब्रह्मदेशातील जंगलांतून सागवान काढत असे. ती आजही मुंबईत आहे. परवानगीपेक्षा अधिक लाकूड नेऊन महसूल बुडवल्याचा ठपका मंडालेच्या दरबाराने १८८५ मध्ये या कंपनीवर ठेवला आणि सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. दरबार त्याच सुमारास फ्रान्सशीही जवळीक करत होता. दंडापेक्षा ही जवळीक कलकत्त्याच्या सरकारला जास्त खुपली. ऑक्टोबरमध्ये निर्वाणीचा खलिता गेला, नोव्हेंबरच्या मध्याला फौज निघाली आणि इरावतीवरून आगबोटींत बसून दोन आठवड्यांत मंडालेत पोहोचली. लढाई म्हणावी अशी लढाई फारशी झाली नाही. २९ नोव्हेंबर १८८५ रोजी राजवाड्याच्या बागेतील एका मंडपात थिबाने जनरल प्रेंडरगास्टपुढे शरणागती पत्करली. आवराआवरीसाठी त्याने वेळ मागितला, तो मिळाला नाही. राजा, गरोदर राणी, तिची धाकटी बहीण आणि दोन लहान मुली यांना बैलगाड्यांत बसवून नदीकाठी नेले गेले. रस्त्याच्या दुतर्फा माणसे उभी होती. त्यांतील बहुतेकांनी आपला राजा त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला आणि शेवटचाही. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, १ जानेवारी १८८६ रोजी, व्हाइसरॉय डफरिनच्या जाहीरनाम्याने ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्याला जोडला गेला. त्या दिवशी थिबा सत्तावीस वर्षांचा झाला.

तेव्हा तो मद्रासमध्ये होता. तेथे त्याची तिसरी मुलगी जन्मली. मात्र मद्रास हे ब्रह्मदेशाच्या समोरचेच बंदर. रंगूनच्या आगबोटी तेथे ये-जा करत. सरकारला राजासाठी असे ठिकाण हवे होते, जेथून त्याचा आवाज ब्रह्मदेशापर्यंत पोहोचणार नाही आणि तेथील कुणी सहजासहजी त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. नकाशावर बोट फिरत फिरत उपखंडाच्या दुसऱ्या किनाऱ्यावर, मुंबई इलाख्यातील रत्नागिरीवर येऊन थांबले. गावाला रेल्वे नव्हती; ती यायला पुढे शंभराहून अधिक वर्षे लागली आणि कोकण रेल्वेची सगळी वाट १९९८ मध्ये खुली झाली. मुंबईशी संबंध आगबोटीचा, तोही पावसाळ्यात तुटलेला. पाठीशी सह्याद्री. जिल्ह्याचे ठिकाण असल्याने कलेक्टर, पोलीस आणि तुरुंग मात्र हाताशी. आज शहरी माणसाला रत्नागिरीचे जे गुण वाटतात, म्हणजे एकांत, गर्दीपासूनचे अंतर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला समुद्र, तेच सारे गुण त्या फायलीत कैदेसाठी अनुकूल बाबी म्हणून गणले गेले असणार.

एप्रिल १८८६ मध्ये हे कुटुंब रत्नागिरीच्या बंदरात उतरले. आंब्याचे दिवस होते. त्यांना गावातील दोन बंगल्यांत ठेवण्यात आले. सोबत ब्रह्मी दासदासी होत्या, देखरेखीला सरकारी अधिकारी आणि पहाऱ्याला पोलीस. पुढच्या वर्षी, एप्रिल १८८७ मध्ये, चौथी राजकन्या येथेच जन्मली. मंडाले हा ब्रह्मदेशातील कोरडा मुलूख. तेथे वर्षभरात पडतो तेवढा पाऊस कोकणात कधी कधी एका महिन्यात कोसळतो. आयुष्य त्या उन्हात काढलेल्या माणसांनी रत्नागिरीचा पहिला जून कसा काढला असेल याची कल्पनाच केलेली बरी. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी, दिवसचे दिवस न दिसणारे आकाश आणि बंद पडलेले बंदर.

मग सुरू झाले ते न संपणारे रिकामपण. थिबाला राज्याचे काम नव्हते आणि दुसरे कोणतेही काम करणे राजाला शोभणारे नव्हते. तनखा येत होता, पण तो दरबार चालवण्याची सवय असलेल्या घराला पुरत नव्हता. हिशेब हा प्रकार थिबाला कधीच जमला नाही. त्याला वस्तू घेण्याची आणि देण्याची दोन्हींची हौस होती. मंडालेहून घाईघाईत जे जडजवाहीर सोबत आले होते ते एकेक करून बाहेर पडू लागले. माणके आणि हिरे कवडीमोलाने व्यापाऱ्यांच्या हातात गेले. कर्ज झाले, सरकारने ते निपटले, पुन्हा झाले. ब्रह्मी नोकर हळूहळू मायदेशी परतले आणि त्यांच्या जागी गावातली माणसे आली. राजवाड्याच्या स्वयंपाकघरात, अंगणात, दारावर मराठी बोलली जाऊ लागली.

राजाचा मुख्य उद्योग होता अर्ज लिहिण्याचा. मुंबईच्या गव्हर्नरला, व्हाइसरॉयला, थेट बादशहाला. तनखा वाढवावा, घर चांगले द्यावे, मुलींच्या लग्नाचे पाहावे, आपली जप्त झालेली रत्ने परत द्यावीत, विशेषतः ते एक मोठे प्रसिद्ध माणिक, जे शरणागतीच्या गडबडीत एका ब्रिटिश अधिकाऱ्याच्या हाती पडल्याचा त्याचा आरोप होता. ते माणिक कधी सापडले नाही. अर्जांना उत्तरे येत, पण ती सरकारी उत्तरे होती. विहारात पाली सूत्रे मुखोद्गत करणारा, परीक्षेत चमकलेला तो तरुण या तीस वर्षांत पुन्हा पोथ्यांकडे वळला असता तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. तो नित्यनेमाने प्रार्थना करी, बुद्धमूर्तीपुढे बसे, धार्मिक विधी सोडत नसे. पण त्याने काही लिहिले नाही, काही शिकवले नाही. एकदा राजा झालेल्या माणसाला पुन्हा विद्यार्थी होता आले नाही.

रत्नागिरीकर सांगतात की राजा तासन्‌तास दुर्बीण घेऊन समुद्राकडे पाहत बसे. कोळ्यांच्या होड्या, मचवे, मुंबईची आगबोट. त्या समुद्राचे मुख पश्चिमेकडे, अरबस्तानाच्या दिशेला. मायदेश होता पूर्वेला, सह्याद्रीच्या पलीकडे, सगळा हिंदुस्थान ओलांडून पुन्हा एक समुद्र गेल्यावर. ज्या सूर्यास्ताला पाहुणे आज दाद देतात तो रोज त्याच्या देशाच्या नेमक्या उलट बाजूला होत असे.

चांगल्या घरासाठीच्या अर्जांना मात्र वीस वर्षांनी यश आले. १९०६ च्या सुमारास टेकडीवर नव्या वाड्याचे काम सुरू झाले आणि १९१० च्या नोव्हेंबरात राजाचे कुटुंब तेथे राहायला गेले. आराखड्यात थिबाने स्वतः लक्ष घातले होते. उतरत्या छपरांची, नक्षीदार लाकूडकाम आणि अर्धवर्तुळाकार खिडक्या असलेली ही तांबूस इमारत म्हणजे आजचा थिबा पॅलेस. खिडक्यांतून वारा खेळतो. वरच्या मजल्यावरून खाडी दिसते, खाडीचे मुख दिसते, पलीकडचा समुद्र दिसतो. थिबाने आयुष्यात जाणीवपूर्वक उभी केलेली ही बहुधा एकमेव गोष्ट. मंडाले वडिलांनी वसवले होते, गादी दुसऱ्यांनी मिळवून दिली होती, राज्य दुसऱ्यांनी घेतले होते. हे घर मात्र त्याचे होते, आणि तरी ते सरकारच्या मालकीचे होते.

याच नोव्हेंबरात, १९१० मध्ये, दोन हजार किलोमीटरहून दूर थिबाच्या मंडालेत एक रत्नागिरीकर काय करत होता हे पाहण्यासारखे आहे. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. दहा वर्षांचे होईपर्यंत ते तेथेच वाढले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना पाठवले ते मंडालेला. तेथील तुरुंग थिबाच्या जुन्या किल्ल्याच्या तटांच्या आत होता. किल्ल्याला आता डफरिनचे नाव होते. म्हणजे रत्नागिरीचा मुलगा मंडालेच्या राजाच्या कोटात कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीच्या टेकडीवर कैदी, अशी ही अदलाबदल एकाच सरकारने केली होती. त्यात कुणाचा विनोद नव्हता. साम्राज्याचे साधे गणित होते: माणूस जेथे कुणाचा नाही तेथे त्याला ठेवावे.

टिळकांची कोठडी लाकडी फळ्यांची होती. उन्हाळ्यात भट्टी, थंडीत वारा. प्रकृती मधुमेहाने पोखरलेली. शाई-दौत मिळत नव्हती, शिसपेन्सिल मिळे. पानांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत, म्हणजे पान फाडले तर कळावे. या सामग्रीवर त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या पाच महिन्यांत, गीतारहस्य लिहून काढले. नोव्हेंबरच्या सुरुवातीला प्रारंभ, मार्चच्या अखेरीस समाप्ती. थिबाच्या घरात नव्या वाड्याचे सामान लागत होते तेव्हा मंडालेत कर्मयोगाची प्रकरणे एकामागून एक उतरत होती. त्याच कोठडीत टिळकांनी जर्मन, फ्रेंच आणि पाली या भाषांचा अभ्यास केला. पाली! जी भाषा थिबाने त्याच शहरात विहारात बसून आत्मसात केली होती.

या दोघांची तुलना करून एकाला मोठे आणि दुसऱ्याला छोटे ठरवणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही. टिळकांची कैद कितीही खडतर असली तरी तिला तारीख होती. ते केसरीचे संपादक म्हणून गेले आणि १९१४ च्या जूनमध्ये सुटून पुण्याला परतले तेव्हा काम त्यांची वाट पाहत होते. थिबाच्या कैदेला तारीख नव्हती आणि बाहेर त्याची वाट पाहणारे असे काही उरलेही नव्हते. त्याचे काम म्हणजे राज्य आणि ते राज्य आता नकाशावरही नव्हते. एक दुःख मात्र दोघांच्या वाट्याला एकाच वर्षी आले. जून १९१२ मध्ये टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्याला वारल्या आणि मंडालेच्या कोठडीत तारेने ती बातमी गेली. त्याच वर्षी रत्नागिरीत थिबाची धाकटी राणी, सुपायालतची बहीण, मरण पावली. तिचे दफन झाले नाही. एक दिवस मायदेशी नेऊ, या आशेवर शवपेटी तशीच ठेवण्यात आली.

रिकामपणाची खरी किंमत मोजली ती चार मुलींनी. थोरल्या दोघी मंडालेत जन्मलेल्या, पण आठवणी सांगाव्यात इतक्या मोठ्या होऊन निघालेल्या नव्हत्या. चौघीही रत्नागिरीतच वाढल्या. मराठी आणि हिंदुस्थानी त्या सहज बोलत. ब्रह्मी राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे राजकन्येला वर राजघराण्यातलाच हवा आणि तो रत्नागिरीत कुठून मिळणार? ब्रह्मदेशातील नातलगांत योग्य कोण, यावर कागदपत्रे फिरत राहिली. राजाला पसंत तो सरकारला नको, सरकार सुचवील तो राजाला नको. मुली विशीतून तिशीत गेल्या. थोरलीने शेवटी आपला मार्ग आपणच काढला. राजवाड्याच्या चाकरीतील एका मराठी माणसाशी तिचे सूत जुळले. तो विवाहित होता. १९०६ मध्ये तिला मुलगी झाली. ही गोष्ट राजाराणीला किती लागली असेल हे सांगायला नको. पण ती लपवता येण्यासारखी नव्हती. मुलीला सारे टूटू म्हणत. पुढे दुसऱ्या राजकन्येनेही घराच्या मर्जीबाहेर जाऊन वडिलांच्या एका जुन्या ब्रह्मी चिटणिसाशी लग्न केले आणि ती रत्नागिरी सोडून दूर हिमालयाच्या पायथ्याशी कालिंपाँगला जाऊन राहिली. वर जन्मभर पाहिला गेला तो वंशावळीत. मुलींना तो मिळाला घरच्या चाकरीत.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे निधन झाले. आयुष्याची अठ्ठावन्न वर्षे पूर्ण व्हायला काही दिवस कमी होते. नव्या वाड्यात त्याला जेमतेम सहा वर्षे मिळाली. सुपायालतने त्याचेही दफन होऊ दिले नाही. दोन शवपेट्या आता मायदेशाच्या परवानगीची वाट पाहू लागल्या. ब्रह्मदेशात राजाचे शव उतरले तर काय उसळेल या धास्तीने सरकार परवानगी देईना आणि राणी हट्ट सोडीना. अखेर मार्च १९१९ मध्ये सरकारने राणीच्या मनाविरुद्ध दोघांना रत्नागिरीतच समाधिस्त केले. तीस वर्षे ज्या गावातून निघण्यासाठी राजाने अर्ज केले, त्या गावातच त्याची कायमची सोय झाली.

त्याच वर्षी राणीला ब्रह्मदेशी परतू देण्यात आले, पण मंडालेला नाही, रंगूनला. १९२५ मध्ये ती तेथे वारली. श्वेडगॉन पॅगोडाजवळ तिची समाधी आहे. तिच्यापासून फार लांब नाही अशा जागी आणखी एक थडगे आहे, दिल्लीच्या बहादूरशहा जफरचे. सत्तावनच्या उठावानंतर त्याला रंगूनला नेले आणि १८६२ मध्ये तो तेथेच वारला. हिंदुस्थानचा शेवटचा बादशहा ब्रह्मदेशात आणि ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा हिंदुस्थानात, ही दोन थडगी दोन्ही देशांचे पाहुणे आजही एकमेकांच्या देशात जाऊन पाहतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन रत्नागिरीला आले आणि थिबाच्या समाधीपुढे नतमस्तक झाले. १९१६ नंतर इतक्या वर्षांनी त्याच्या देशाचा प्रमुख त्याच्या दारी आला होता.

रत्नागिरीत राजाचे नाव उरले ते वेगळ्याच रीतीने. टेकडीवरचा वाडा पुढे सरकारी कामांसाठी वापरला गेला, मग राज्य संरक्षित स्मारक झाला आणि आता त्यात पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. जवळच्या कड्यावरून सूर्यास्त पाहायला लोक जमतात; त्या जागेचे नावच थिबा पॉइंट. अमिताव घोष यांच्या द ग्लास पॅलेस या २००० साली आलेल्या कादंबरीने या कैदी राजघराण्याची कथा जगभर नेली आणि त्यानंतर दूरदूरचे वाचकही तो वाडा शोधत येऊ लागले. रिक्षावाल्याला फक्त थिबा म्हटले तरी पुरते.

पण या कुटुंबातील एकीची गोष्ट सांगितल्याशिवाय ही कहाणी पुरी होत नाही. १९१९ मध्ये राणीबरोबर थोरली राजकन्याही लहानग्या टूटूला घेऊन रंगूनला गेली होती. पहारा संपला होता, मायदेश मिळाला होता, ज्यासाठी वडिलांनी हयात घालवली ते दार उघडले होते. तेथे तिचे मन रमले नाही. ती परत आली. कुणी पाठवले नाही, कुणी आणून सोडले नाही. आगबोटीचे तिकीट यावेळी तिचे स्वतःचे होते. टेकडीवरचा वाडा आता तिच्यासाठी नव्हता. ती गावात साध्या घरात राहिली, तुटपुंज्या तनख्यावर, आणि तो हातात टिकवण्याची कला तिलाही वडिलांइतकीच येत होती. शेवटची वर्षे तिने गरिबीत काढली. जून १९४७ मध्ये ती रत्नागिरीतच वारली, हिंदुस्थान स्वतंत्र व्हायला दोन महिने आणि ब्रह्मदेश स्वतंत्र व्हायला सात महिने राहिले असताना.

टूटूने येथेच संसार केला, मराठी नवऱ्याशी, मराठी घरात. कागदाची फुले करून विकावीत, शेणी थापाव्यात, मुले वाढवावीत, अशी तिची वर्षे गेली. मंडालेच्या राजाची ही नात २००० साली, नव्वदी ओलांडल्यावर, रत्नागिरीत वारली. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी ती रत्नागिरीच्याच मराठीत बोलत असे.